पावसाळ्यात सातेरीला साखरपाक

कोल्हापूरकडे जुलै-ऑगस्टची झड लागली की सातेरी मधमाश्यांना बाहेर पडता येत नाही. पेटीतला मध संपत आला असेल तर पाक द्यायलाच हवा. 1 लिटर पाणी उकळून खाली उतरवा, त्यात 1 किलो साखर विरघळवा. आचेवर करपलेल्या पाकाने माश्यांना हगवण लागते. गुळानेही तेच होतं. गुऱ्हाळावरचा ताजा असला तरी नकोच.

गार पाक वाटीत ओतून वर वाळक्या काड्या आडव्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. सांजेला, पेटीच्या आतच ठेवा. बाहेर थेंब सांडला तर लगेच पुसा, त्या वासाने शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. आंबूस वास आला की पाक फेका.