जुन्या मारुती ८०० चे वायपर: पावसाआधीची तयारी

माझं ठाम मत आहे, वायपर मे अखेरीस बदलावेत. घाटात धुवांधार पावसात काच दिसेनाशी झाली की वेळ गेलेली असते. उन्हाने रबर कडक होतं, मग काचेवर पाण्याचे पट्टे राहतात.

आधी जुनं पातं इंचपट्टीने मोजा. दांडी उभी केल्यावर काचेवर जाड टॉवेल टाकाच! स्प्रिंगने रिकामी दांडी आपटली तर काच तडकते. दांडीच्या टोकाच्या हुकाजवळची खिट्टी दाबून पातं दांडीच्या बुडाकडे सरकवा, निघेल. नवं उलट दिशेने ओढा, ‘टक्’ आवाज येईपर्यंत.

एरवी शाम्पूच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने रबर पुसा. रॉकेल, पेट्रोल नको. कोरड्या काचेवर वायपर कधीच फिरवू नका. धुळीने ओरखडे पडतात. नवं पातंही थरथरलं, तर दांडी वाकली आहे का बघा.