पोरगं अठराचं झालं: लर्निंग, ‘एल’ बोर्ड आणि गाडीचा विमा

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच विषय निघतो: राजारामपुरीच्या क्लासला जायचं कशानं? केएमटीची वेळ जुळत नाही, सायकल नको, मग दारातली अ‍ॅक्टिव्हा पोराच्या हातात जाते. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, हे खरंच आहे. पण ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर या ११० सीसीच्या घरातल्या गाड्या. त्यामुळे सोळाव्या वर्षी काढलेलं लायसन्स खिशात असलं तरी या गाड्यांवर पोरगं विनापरवानाच धरलं जातं.

पकडलं गेलं तर प्रकरण पावती फाडून मिटत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे पालकालाच सिद्ध करावं लागतं, आणि किल्ली घरातल्या खुंटीवर असताना ते अवघड जातं.

२५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली, नियमात बसणारी बॅटरीची स्कूटर कायद्यानं मोटार वाहन धरली जात नाही. तिला लायसन्सही लागत नाही आणि नंबरही नाही. मात्र दुकानदारानं वेग ‘खोलून’ दिला की ही सवलत गेली.

अठरा पूर्ण झाले की ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर लर्निंगचा, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा, अर्ज भरायचा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) करून घरबसल्या परीक्षा देता येते. नसेल तर स्लॉट घेऊन ताराबाई पार्कातल्या आरटीओत जावं लागतं. पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर आले की पास. केंद्राच्या दरानं लर्निंगची फी वाहनाच्या एका प्रकाराला १५० रुपये, परीक्षेची ५० रुपये. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावावरून. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. आधी आधार दुरुस्त करा, मगच फी भरा.

अर्ज भरताना वाहनाचा प्रकार नीट निवडा. फक्त विनागिअर दुचाकी निवडली तर उद्या कॉलेजात मित्राची स्प्लेंडर चालवता येणार नाही. गिअरची दुचाकी आणि हलकं मोटार वाहन, म्हणजे कार, या दोन्हींवर एकदमच खूण करावी. मात्र गिअरच्या लायसन्ससाठी टेस्टलाही गिअरचीच गाडी न्यावी लागते.

लर्निंग सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. या पाच महिन्यांच्या खिडकीत पोरं आळस करतात आणि शेवटच्या आठवड्यात स्लॉट शोधतात. मुदत संपली की सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या महिन्यातच तारीख घ्या, म्हणजे एकदा नापास झालं तरी अवधी उरतो. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं, तीनदा नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावं लागतं. टेस्टची फी ३०० आणि लायसन्सची २०० रुपये, वर कार्डाचे वगैरे. टेस्टला नेलेल्या गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहेत ना, हे घरातून निघतानाच बघा.

आता खरी गोम. लर्निंगवर गाडी चालवायच्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या तिसऱ्या नियमात आहेत. लायसन्स असलेला माणूस सोबत हवा, आणि तोही अशा जागी की गाडी थांबवू शकेल. कारमध्ये तो शेजारच्या सीटवर, दुचाकीवर मागे. शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कुणीही डबलसीट नको, मैत्रीण तर नाहीच. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. नंबर प्लेटच्या कोपऱ्यात चिकटवलेला टिकलीएवढा लाल ‘एल’ या मापात बसत नाही. एक जाड पांढरा पुठ्ठा, लाल रेडियम आणि फूटपट्टी एवढ्यात काम होतं.

हे मापबीप कशाला, असं वाटेल. घरातली विम्याची पॉलिसी काढा आणि शेवटाकडचा बारीक टायपातला ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ वाचा. लर्निंगवाल्यानं गाडी चालवलेली विमा कंपनीला चालते, पण तो तिसऱ्या नियमाच्या अटी पाळत असेल तरच, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे पोरगं एकटंच दसरा चौकातून निघालं, पाटी नाही, सोबत कुणी नाही आणि गाडी ठोकली, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला कंपनीला एवढं पुरतं.

लायसन्स मुळात नसेलच तर समोरच्या जखमी माणसाला भरपाई कंपनीनं आधी द्यावी आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं देतात. त्याला भरपाई मिळते, पण पुढे वसुलीची नोटीस तुमच्या दारात येते. ही रक्कम काही लाखांत जाऊ शकते.

परदेशात तरुण चालकाला विम्याचा हप्ता जास्त पडतो, तसं आपल्याकडे नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता गाडीच्या सीसीवर ठरतो, चालवणाऱ्याच्या वयावर नाही. १ जून २०२२पासूनच्या दरानुसार ७५ ते १५० सीसी दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, आणि १००० ते १५०० सीसी कारला ३,४१६, वर जीएसटी. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. फसगत होते ती इथं: शोरूममधला पाच वर्षांचा कागद बघून सगळाच विमा पाच वर्षांचा आहे, असं लोक धरून चालतात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो गुपचूप संपतो आणि नेमकं तेव्हाच पोरगं शिकायला लागलेलं असतं. विम्याविना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय दोन्हीही होऊ शकतात.

आणखी दोन भोकं आहेत. एक, पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचं असतं, आणि त्यालाही लायसन्स लागतं. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगी चालवत असेल तर ते तिला लागू नाही. तिचं नाव घालून जादा कव्हर घ्या, किंवा तिच्या नावानं वेगळी अपघात पॉलिसी काढा. दोन, नुसती थर्ड पार्टी असेल तर दुचाकीवर मागं बसलेल्याची जबाबदारी त्यात येत नाही. डबलसीट ही आपल्याकडे रोजचीच गोष्ट, म्हणून शिकणाऱ्याच्या गाडीला फुल इन्शुरन्सच (थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान, दोन्ही) घ्यावा.

जुनी गाडी घेऊन दिली असेल तर गाडीचं हस्तांतरण झाल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसीही नावावर करायला टाका. नाहीतर थर्ड पार्टी चालू राहील, पण गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळणार नाहीत.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मडगार्ड घासणं, आरसा तुटणं हे होणारच. त्यासाठी क्लेम करू नका. पाच वर्षं क्लेम न केल्यानं जमलेला ५० टक्के नो क्लेम बोनस एका आरशापायी शून्यावर येतो. आधी गॅरेजवाल्याचा आकडा घ्या, पुढच्या वर्षी बुडणाऱ्या सवलतीशी ताडून बघा, मग ठरवा.

आणि मोठा अपघात झालाच तर ‘गाडी मी चालवत होतो’ असं वडिलांनी सांगू नये. दवाखान्याच्या केस पेपरवर मार कुणाला लागला ते असतं, चौकातल्या कॅमेऱ्यात चेहरा असतो, आणि कंपनीचा सर्व्हेअर हे सगळं मागवतो. लर्निंग चालू असताना, पाटी लावून, शेजारी लायसन्सवाला बसवून झालेला अपघात पॉलिसीत बसतो. खोटं नाव सांगितलं की तो क्लेमही हातचा जातो. पाटी दिसेल असा गाडीचा पुढून आणि मागून एकेक फोटो जागेवरच काढा, शेजारी कोण होतं त्याच्या लायसन्सचा फोटोही काढा आणि त्याच दिवशी कंपनीला कळवा.