कॉम्प्युटरवर वाजते, गाडीत नाही : एमपीथ्री सीडी बनवताना या चुका टाळा

सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, गाणी झकास वाजली. तीच गाडीच्या स्टिरिओत सरकवली, तर दोनदा घरघर आणि डिस्क परत बाहेर. माझ्या हातून वाया गेलेल्या सीडी आठवतो, तेव्हा लक्षात येतं की गाण्यांची फाइल क्वचितच खराब होती. घोळ व्हायचा तो बर्न करताना, म्हणजे डिस्कवर फाइली लिहिताना.

सगळ्यात जास्त फसवणारी पायरी अगदी सुरुवातीलाच येते. विंडोजमध्ये रिकामी सीडी घातली की डिस्क कशी वापरायची, असं विचारलं जातं: यूएसबी ड्राइव्हसारखी की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय सोपा वाटतो, फाइली नुसत्या ओढून टाकायच्या. पण त्यात डिस्क यूडीएफ पद्धतीने लिहिली जाते आणि गाडीतल्या बऱ्याच स्टिरिओंना ती वाचताच येत नाही. त्यांना हवी असते आयएसओ ९६६० किंवा तिचीच जोलिएट ही लांब नावं चालवून घेणारी आवृत्ती. म्हणून दुसराच पर्याय घ्या. वेगळं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर डिस्क शेवटी बंद म्हणजे फायनलाइझ करा. 'उरलेल्या जागेत नंतर भर घालू' म्हणून उघडी ठेवलेली डिस्क कॉम्प्युटर निमूट वाचतो, स्टिरिओ वाचेलच असं नाही.

दीडशे गाणी निवडली आणि सॉफ्टवेअर म्हणतंय की जागा नाही? मग 'ऑडिओ सीडी' निवडली गेली आहे. तिच्यात ८० मिनिटांपलीकडे काही मावत नाही. एमपीथ्री फाइली जशाच्या तशा ठेवणारी 'डेटा सीडी' निवडा. १२८ केबीपीएसला (गाण्याच्या एका सेकंदाला किती किलोबिट, तो आकडा) एका मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे ७०० एमबीत जवळजवळ १२ तास. १९२ ला आठ तास, आणि गाडीच्या आवाजात मला तेच पुरेसं वाटतं. १२८ ची फाइल ३२० ची करून आवाज सुधारत नाही, फाइल तेवढी फुगते. मात्र स्टिरिओच्या तोंडावर एमपीथ्री असं छापलेलं नसेल, तर आधी मॅन्युअल बघा. तो फक्त ऑडिओ सीडीच वाजवणारा असू शकतो.

फाइल एम४ए किंवा फ्लॅक अशा दुसऱ्या प्रकारची असेल, तर नावाचं नुसतं शेपूट बदलून .एमपी३ केल्याने ती एमपीथ्री होत नाही, रूपांतर करावंच लागतं. एखादंच गाणं गाळलं जात असेल, तर आधी हे तपासा.

आता क्रम. माझ्या एका डिस्कवर पहिल्यानंतर दहावं, मग अकरावं आणि कितीतरी वेळाने दुसरं गाणं वाजायचं. स्टिरिओ आकडे मोजत नाही, अक्षरं लावतो. नावं 01, 02 अशी द्या, शंभरावर गेलात तर 001. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असा पसारा नको. देवनागरी नावांच्या जागी अनेक पडद्यांवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात, तेव्हा फाइलचं नाव आणि टॅग (फाइलच्या आतच साठवलेली गाण्याची, गायकाची नावं) रोमन लिपीत टाकलेले बरे. नाव दिसतच नसेल, तर टॅग आयडीथ्री या टॅग-पद्धतीच्या २.३ आवृत्तीत सेव्ह करून पाहा.

पुन्हा पुन्हा लिहिता येते म्हणून सीडी-आरडब्ल्यू घेण्याचा मोह होतो. पण एकदाच लिहिता येणारी सीडी-आर पडलेल्या प्रकाशापैकी ६५ टक्क्यांच्या आसपास परत पाठवते, आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५. जुन्या लेझरला तेवढ्यात काही दिसत नाही. डीव्हीडीचा तर नुसत्या सीडी प्लेअरमध्ये प्रश्नच नाही. बर्नचा वेग मी कमाल ठेवत नाही, मधला घेतो.

आणि डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, मार्करने लिहा. उन्हात तापलेल्या गाडीत माझ्या एका लेबलची कड सुटली, डिस्क खाचेत अडकली आणि ती काढायला अख्खा स्टिरिओ डॅशबोर्डमधून उतरवावा लागला.