दक्षिणचित्रमधली जुनी घरं कशी पाहावीत

चेन्नईला निघालेल्या माणसाला कुणीतरी हमखास सांगतं, 'महाबलीपुरमच्या वाटेवर दक्षिणचित्र लागतं, तासाभरात उरकतं.' हा सल्ला ऐकू नका. मुट्टुकाडूचं हे खुलं संग्रहालय १९९६ साली सुरू झालं. इथं तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्रातली घरं उभी आहेत. त्यातली बरीचशी मूळ गावी पाडली जाणार होती. ती विकत घेऊन, खांब-तुळया सुट्या करून, जाणत्या कारागिरांकडून इथं पुन्हा जोडून घेतली. अशा घरांना किमान अर्धा दिवस द्या. महाबलीपुरम दुसऱ्या दिवशी करा.

ईस्ट कोस्ट रोडनं बस किंवा टॅक्सी मिळते. मंगळवारी बंद असतं. उघडताच पोचा, दुपारचं ऊन सोसत नाही.

आत गेल्यावर सगळी घरं पाहायची नाहीत. चारच निवडा, प्रत्येक राज्यातलं एक.

आता खरा अवघड टप्पा. घरात माणसं राहत नाहीत, चूल पेटलेली नसते. बहुतेक लोक उंबऱ्यातून डोकावतात, 'काय सुंदर खांब!' म्हणतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. चौथ्या-पाचव्या घरापर्यंत सगळं एकसारखं दिसू लागतं. हा टप्पा मला फार उशिरा जमला. पाट्या वाचून जमला नाही, घोळक्यामागं फिरूनही नाही. एकच प्रश्न धरून घराघरांत गेल्यावर जमला: या घरानं पावसाचं आणि वाऱ्याचं काय केलं?

तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याच्या घरात चौकाशी उभे राहा आणि वर बघा. चारही बाजूंची छपरं आत उतरतात. तो मुलूख कोरडा, म्हणून छपरावरचं पाणी चौकात आणून साठवायचं. मग त्याच चौकावरून माणसांची वाटणी बघा. पुढच्या ओट्यावर पाहुणे आणि व्यवहार, मागच्या बाजूला स्वयंपाक आणि बायका. वाडा पाहिलेल्या मराठी माणसाला हे लगेच उमगेल.

केरळातल्या पुदुपल्लीच्या सीरियन ख्रिस्ती (तिथलाच जुना ख्रिस्ती समाज) घरात गणित उलटं. तिथं पाऊस इतका की पाण्याला घरापासून दूर ठेवायचं, म्हणून छप्पर उतरतं आणि वळचण चांगली पुढं आलेली. याच घरात धान्याचं कोठार नीट बघा. आपल्याकडं बळद भिंतीत दडवायचे, इथं कोठार आल्या-गेल्याच्या डोळ्यांसमोर आहे. भात हीच घरची श्रीमंती, ती दिसायलाच हवी.

आंध्र किनाऱ्याचं घर गोल आहे. चक्रीवादळाच्या वाऱ्याला धडकायला कोपराच मिळत नाही, तो वळसा घालून जातो. गवताचं छप्पर खूप खाली आलेलं असतं, वाकूनच आत जा.

कर्नाटकातल्या इरकलच्या विणकराचं घर शेवटी ठेवा. सोलापूर-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत आजीचं टोपपदराचं इरकल अजून ट्रंकेत असेल. ते विणणारे लोक अशा घरांत राहत. त्या भागात पाऊस कमी आणि दगड मुबलक, म्हणून जाड दगडी भिंती आणि वर मातीचं सपाट छत, म्हणजे आपलं माळवदच. इथं स्वतःला विचारा, माग कुठं मांडत असतील? खड्डामागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. त्याला उजेड हवा, आणि सुतासाठी थोडी ओलही. त्या जागेवरून बाकीचं घर उलगडत जातं.

प्रत्येक घरात मोकळीक असेल तिथं खाली बसा, अगदी जमिनीवर. ही घरं खाली बसून जेवणाऱ्या, निवडणाऱ्या, दळणाऱ्या माणसांसाठी बांधलेली आहेत. उभ्यानं पाहिलीत तर खिडकी एवढ्या खाली का आहे आणि झुळूक कुठून येते हे कधीच कळणार नाही. तोवर मोबाईल खिशात ठेवा. फोटो निघताना काढा, तेव्हा कशाचा काढायचा हेही कळलेलं असतं.

सोबत घरातलं म्हातारं माणूस असेल तर त्याला पुढं चालू द्या आणि तुम्ही गप्प राहा. उखळ, जातं, कोनाडा दिसला की ते आपणहून बोलायला लागतात.

आवारात कारागीर काम करत असतात, त्यांचा फोटो विचारून काढा. जेवायला बाहेर पडू नका, आतच सोय आहे.