या चुका टाळा: काळजी घेतली, पण चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी

संध्याकाळ झाली की खिडक्या लावायच्या, कॉइल पेटवायची, झोपताना मच्छरदाणी सोडायची. एवढं सगळं करणाऱ्या घरात कुणाला डेंगी झाला की घरचे चक्रावतात. ‘आम्ही तर इतकी काळजी घेतो!’ घेतात, खोटं नाही. पण डेंगी पसरवणारा एडीस डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचा वेळ आणि सूर्य मावळण्याआधीचे काही तास त्याच्या खास आवडीचे. कॉइल पेटते तोवर त्याचं त्या दिवसाचं काम बहुतेक उरकलेलं असतं.

डासांचे, प्राण्यांचे, माती-पाण्यातून येणारे आजार पाहताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. लोक अगदीच बेफिकीर असतात असं नाही. मेहनत करतात, पण आजार जिथून शिरतो तिथे नाही, आणि ज्या वेळी शिरतो त्या वेळी तर नाहीच. कीटकांमार्फत पसरणाऱ्या आजारांनी जगभरात दरवर्षी सात लाखांहून जास्त माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या बऱ्याच आजारांचं दार बंद करायला महागडं काही लागत नाही. दार कुठे आहे ते मात्र माहीत हवं.

पाणी ओतून दिलं, तरी डास आहेतच

सगळ्यात जास्त तक्रार हीच असते, म्हणून इथे जरा थांबू.

एडीसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर ती चिकटवते. तुम्ही बादली उपडी केलीत, पाणी गेलं, अंडी तिथेच राहिली. ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पुन्हा त्या उंचीपर्यंत पाणी चढलं की त्यातून अळ्या बाहेर पडतात. म्हणून नुसतं ओतणं ही अर्धीच सफाई. भांडं आतून ब्रशनं खरवडून घासायचं, मग कोरडं करायचं. कोरडा दिवस आठवड्यातून एकदा पाळा म्हणतात तेही उगाच नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. पंधरवड्यानं घासायला बसलात तर एक पिढी उडून गेलेली असते.

तेही नियमानं करताय, आणि तरी दिवसा चावे बसतात? मग आपण न पाहिलेलं पाणी कुठेतरी आहे. फ्रिजच्या मागचा ट्रे पाहा. कुंडीखालची बशी, कूलरची टाकी, गच्चीवरचा जुना टायर, पानांनी तुंबलेली पन्हाळ, झाकण वाकडं बसलेली टाकी, महिनोन्‌महिने न वापरलेल्या संडासाचा फ्लश, ताडपत्रीच्या घडीत साठलेलं ओंजळभर पाणी. टॉर्च घेऊन वाकून बघा. वळवळणाऱ्या अळ्या डोळ्यांनी दिसतात आणि आपली सावली पडली की तळाकडे पळतात. हा डास सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. तेव्हा उगम तुमच्याच घरी, नाहीतर शेजारी. शेजाऱ्याशी बोलण्याचा अवघडपणा हाही या आजाराच्या प्रसाराला हातभार लावतो, पण त्यावर फवारा निघालेला नाही.

फवाऱ्यावरून आठवलं. धूरफवारणीची गाडी येऊन गेली की सगळ्यांना हायसं वाटतं. तो धूर त्या वेळी उडत असलेले डास मारतो. अळ्यांना आणि अंड्यांना त्याचं काहीच वाटत नाही, आणि एडीस तर पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेला असतो. साथ भडकली असताना फवारणीला जागा आहे. रोजच्या बंदोबस्ताची जागा ती घेऊ शकत नाही. मला तरी ती बऱ्याचदा काम चालू आहे हे दाखवण्यासाठीच वाटते.

उलटी चूकही होते. रात्री कानाशी गुणगुणणारे ढीगभर डास पाहून लोक डेंगीच्या धास्तीनं गटारापाशी जातात. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स. तो निरुपद्रवी नव्हे, हत्तीरोग तोच पसरवतो. पण डेंगीचा डास घरातल्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर पोसला जातो. त्यामुळे डासांचा त्रास नाही असं म्हणणाऱ्या टापटीप घरातही डेंगी शिरतो.

अंगाला लावायच्या डासरोधक मलमाबद्दल दोनच गोष्टी. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, डासांचं मलम त्यावर. आणि ‘अल्ट्रासाउंड’च्या आवाजानं डास पळवणारी यंत्रं किंवा मोबाइलची ॲप यांच्यावर पैसे आणि भरवसा, दोन्ही घालू नका.

ताप उतरला म्हणजे सुटलो?

डेंगीत नाही. ताप उतरू लागतो तो काळच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाचा, जास्त जपायचा असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो तो याच सुमारास. घरचे म्हणतात, ‘अंग गार लागतंय, बरं झालं.’ पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, धाप, विलक्षण थकवा, बेचैनी किंवा गुंगी, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

अंगदुखीसाठी घरातली आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनची गोळी घेणं ही दुसरी चूक. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप-दुखीला पॅरासिटामॉल, तेही ठरल्या प्रमाणात.

तिसरी चूक नातेवाइकांची, आणि ती अगदी प्रेमापोटी होते. सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर. आज किती, काल किती होत्या, रक्तदाता मिळाला का. रक्तस्राव नसताना केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवून सहसा फायदा होत नाही. डॉक्टर रक्त किती घट्ट होतंय, रक्तदाब कसा आहे, लघवी किती होते, हे पाहत असतात. विचारायचंच तर तेही विचारा.

मलेरियाचं दुखणं वेगळं. थंडी वाजून आलेला ताप दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी जातो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात पडून राहतात. व्हायवॅक्स जातीचे परजीवी यकृतात निद्रिस्त राहू शकतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. रक्तातल्या परजीवींचं औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी प्रायमाक्वीनचा कोर्स असतो, बऱ्याचदा १४ दिवसांचा, आणि त्याआधी जी-६-पीडी या एन्झाइमची तपासणी लागते, कारण ते कमी असेल तर या गोळीनं रक्तपेशी फुटतात. गरोदरपणात ती देत नाहीत. ‘पुन्हा डास चावला वाटतं’ असं दर काही महिन्यांनी म्हणणाऱ्या माणसाला कदाचित नवा डास चावलेलाच नसतो.

कुत्रा चावला त्या पहिल्या पंधरा मिनिटांत

इथे चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. पण लक्षणं दिसण्याआधी नीट उपचार झाले तर तो टळतो. १८८५ साली लुई पाश्चरनं कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली तेव्हापासून हे माहीत आहे. तरीही माणसं मरतात, आणि त्यामागच्या चुका बहुधा ठरलेल्या असतात.

पहिली चूक जखम न धुण्याची. लोक थेट दवाखान्याकडे धावतात, किंवा जखमेवर पूड, तेल, जे हाताला लागेल ते दाबून बांधतात. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण ते आवरण मोडतो. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवा. पंधरा मिनिटं म्हणजे बरीच होतात, करून बघितल्यावर कळतं. मग आयोडीनसारखं जंतुनाशक. घट्ट पट्टी नको, आणि टाके शक्यतो टाळतात.

दुसरी चूक, ‘नुसतं खरचटलंय, रक्त कुठे आलंय?’ रक्त न येता खरचटलं असेल तरी लस लागते. रक्त आलं असेल, किंवा जनावराची लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाच्या आतल्या त्वचेला लागली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. लशीमुळे शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला आठवडाभर तरी लागतो. तोवरच्या मधल्या दिवसांत जखमेतल्या विषाणूला तिथेच रोखायला तयार प्रतिपिंडं म्हणजे हे इम्युनोग्लोब्युलिन. म्हणूनच ते शक्य तितकं जखमेत आणि जखमेभोवतीच टोचतात. दंडात लस घेतली आणि जखमेला कुणी हात लावला नाही, तर रक्त आलेलं असल्यास विचारा: ‘याला इम्युनोग्लोब्युलिन नको का?’ पहिल्या दिवशी राहून गेलं तर पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. पूर्वी लशीचा पूर्ण कोर्स झालेला असेल तर ते लागत नाही, डोसही कमी लागतात. पण ‘मागे घेतली होती’ म्हणून काहीच न घेणं चूक.

तिसरी चूक वाट पाहण्याची. कुत्रा-मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवा, हे खरंय. पण लस पहिल्या दिवशीच सुरू करायची आणि जनावर दहा दिवस ठणठणीत राहिलं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुढचे डोस थांबवायचे, असा तो नियम आहे. लोक उलट करतात. शिवाय हा नियम फक्त कुत्र्या-मांजरापुरता; माकड, कोल्हा, मुंगूस, वटवाघूळ यांना लागू नाही. आणि ‘पिल्लू होतं’, ‘घरचंच आहे’ यानं विषाणूला काही फरक पडत नाही.

तारखांचा घोळही होतो. लशीच्या डोसच्या ०, ३, ७ या दिवसांतला शून्यावा दिवस म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. चावा बसला तो नव्हे. चावून आठवडा लोटला तरी पहिला डोस घ्या, उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. कारण लक्षणं दिसायला सहसा दोन-तीन महिने लागतात, कधी वर्षाहूनही जास्त. मुलांना आधीच सांगून ठेवा की कुत्र्यानं ओरखडलं तरी रागावणार नाही. रागाला घाबरून मुलं लपवतात.

साचलेलं पाणी, गवत आणि काळा खपला

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशींच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या लघवीतून पाण्या-चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्यांतून शिरतात. पुराचं पाणी ओसरल्यावर चपला घालून साफसफाई करणं इथेच नडतं. गमबूट हवेत, आणि पायाला जखम असेल तर ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीनं झाकायची. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर त्या पाण्याचा विसर पडलेला असतो. डोळे लाल, पोटऱ्या ठणकतायत, ही खूण लक्षात ठेवा. सतत अशा पाण्यात काम असणाऱ्यांना डॉक्टर प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन देऊ शकतात. स्वतःच्या मनानं घेऊ नये.

झुडपांतून-गवतातून फिरून आल्यावर येणारा दुसरा ताप म्हणजे स्क्रब टायफस. अगदी बारीक चिगर अळी चावते, कळतही नाही. चावल्या जागी काळा खपला धरतो, सिगारेटचा चटका लागावा तसा, पण न दुखणारा. आणि असतो कुठे, तर काखेत, जांघेत, स्तनाखाली, पट्ट्याच्या जागी. रुग्ण सांगत नाही, संकोचानं कुणी पाहत नाही. तो सापडला तर निदान लवकर होतं आणि साध्या डॉक्सिसायक्लिननं गुण येतो.

गोचीड अंगाला चिकटली तर काडीपेटीनं चटका देऊ नका, तेल-रॉकेल ओतू नका, बोटांनी चिरडू नका. चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर, न पिळता ओढा.

‘मला काही झालेलंच नाही, गोळ्या कशाला?’

हत्तीरोगाच्या सामूहिक औषधोपचारात हा प्रश्न हमखास येतो. पाय सुजायच्या कितीतरी वर्षं आधी जंतू शरीरात असतात आणि डास ते पुढे नेत असतो. मोठे जंत सहा ते आठ वर्षं जगतात. म्हणून गोळी वर्षातून एकदा, सलग काही वर्षं, आणि धडधाकट माणसांनीही घ्यायची. अपवाद गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुलं, गंभीर आजारी. गोळीनंतर कुणाला ताप, डोकेदुखी, मळमळ झाली की बातमी पसरते, ‘औषध बाधलं’. बहुतेकदा तो त्रास रक्तातले जंतू मरत असल्याचा असतो, म्हणजे त्या माणसाला गोळीची गरज होतीच.

फितीकृमीबद्दलही एक गैरसमज घट्ट बसलाय. मी डुकराचं मांस खात नाही, मग मेंदूत गाठी कशा? कच्चट मांसातून आतड्यात फितीकृमी होतो. मेंदूतल्या गाठी होतात त्या कृमीची अंडी पोटात गेल्यानं, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांतून, दूषित पाण्यातून, कच्च्या भाजीतून. शाकाहारी माणूसही यातून सुटत नाही.

ताप हटत नाही तेव्हा

तपासण्या ‘निगेटिव्ह’ आल्या म्हणजे आजार नाही असं धरू नका. डेंगीची एनएस-१ चाचणी पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगाची, प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतर; चुकीच्या दिवशी केली तर खरा आजारही निसटतो. मलेरियाचे परजीवी एका रक्तनमुन्यात दिसले नाहीत तर पुन्हा नमुना द्यावा लागतो. डॉक्टरांना ताप नेमका कोणत्या तारखेला आला ते सांगा. गेल्या महिनाभरात कुठे प्रवास झाला, साचलेल्या पाण्यात उतरलात का, गवतात-रानात गेलात का, गुरांचं बाळंतपण हाताळलंत का, न तापवलेलं दूध प्यायलात का, मेलेलं जनावर उचललंत का, आधी कोणती अँटिबायोटिक घेतली, हेही सांगा. सगळं घरीच कागदावर लिहून न्या, ताप चढलेला असताना तारखा आठवत नाहीत.