जुना पॉवर वीडर, ब्रश कटर किंवा फवारणी पंप विकताना या चुका टाळा

मजुरांअभावी निंदण आणि डवरणी वेळेवर होईना, तेव्हापासून विदर्भातील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात पॉवर वीडर, ब्रश कटर आणि पेट्रोलवरचे फवारणी पंप गावोगाव आले. त्यांतली बरीच यंत्रे आता जुनी होऊन विक्रीला निघत आहेत. ट्रॅक्टरला आरसी बुक असते, दलाल असतात आणि गावाला माहीत असलेला बाजारभावही असतो. या लहान यंत्रांच्या बाबतीत यातले काहीच नसल्यामुळे मालकाने सांगितलेली किंमत आणि ग्राहकाच्या मनातली किंमत यांत मोठे अंतर पडते. हे अंतर बहुतेक वेळा मालकाच्याच काही ठरावीक चुकांमुळे पडलेले असते.

बिल पाहून भाव ठरवणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. मालक जुने बिल काढतो, त्यातून वर्षामागे काही रक्कम वजा करतो, मग मधल्या काळात टाकलेले क्लच, बेल्ट आणि कार्बोरेटर यांचा खर्च त्यात मिळवतो आणि जो आकडा येतो तो सांगतो. ग्राहकाला या हिशेबाशी काहीही देणेघेणे नसते. तसेच यंत्र आज नवे घेतले तर आपल्या खिशातून किती जातील, एवढाच त्याचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे.

आजची नवी किंमत अलीकडे खाली आली आहे, हे पुष्कळ विक्रेत्यांच्या लक्षात आलेले नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मशागतीच्या यंत्रांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा, पॉवर वीडरचे जुने बिल करासह ५६,००० रुपयांचे आहे. मूळ किंमत तीच राहिली असे धरले, तरी तेच यंत्र आज करासह ५२,५०० रुपयांना मिळायला हवे. म्हणजे यंत्र एक तासही न चालवता साडेतीन हजार रुपये गेले. ते ग्राहकाकडून वसूल होणार नाहीत.

त्याहून मोठा फरक अनुदानामुळे पडतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज केल्यास प्रवर्ग आणि जमीनधारणेनुसार ४० किंवा ५० टक्के, अर्थात कमाल मर्यादेच्या आत, अनुदान मिळते. वरच्याच उदाहरणात पात्र शेतकऱ्याला नवे यंत्र वॉरंटीसह अंदाजे ३०,००० रुपयांत पडत असेल, तर तीन खरीप चाललेल्या यंत्राला ३५,००० कोण देईल? मात्र अनुदानाचा अर्ज मंजूर होईपर्यंत थांबावे लागते, प्रत्येकाचा अर्ज मंजूर होतोच असे नाही, आणि तण काही मंजुरीसाठी थांबत नाही. जुन्या यंत्राला भाव मिळतो तो या घाईमुळे. म्हणून अशा यंत्राची किंमत २२,००० ते २८,००० रुपयांच्या दरम्यान धरणे शहाणपणाचे ठरेल, आणि या पट्ट्यात ती नेमकी कुठे बसेल हे यंत्राच्या प्रकृतीवर सोडावे.

इंटरनेटवरील जाहिरातींत दिसणारे आकडे हे विकणाऱ्याने मागितलेले असतात, सौदा कितीला ठरला हे त्यांतून कळत नाही. त्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला विचारावे, कारण कोणते यंत्र कोणी कितीला घेतले हे त्याला सहसा ठाऊक असते.

पाणी उपसण्याच्या डिझेल इंजिनाच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राज्यातील 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला सर्वसाधारण गटात १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. ज्याच्या विहिरीवर सौर पंप बसला किंवा बसणार आहे, तो पाण्यासाठी डिझेल इंजिन विकत घेणार नाही. या इंजिनाला आता ग्राहक मिळेल तो नाल्यावरून किंवा शेततळ्यातून अधूनमधून पाणी उचलणारा, आणि त्याच्या अपेक्षेनुसारच भाव उतरवावा लागेल.

महिनोन्‌महिने पडून असलेले यंत्र तसेच दाखवायला काढणे

ग्राहक दारात आला, मालकाने दोर ओढला आणि यंत्र सुरू झाले नाही, तर किंमत जागच्या जागी निम्म्यावर येते. बिघाड किरकोळ असला तरी ग्राहक तो मोठाच धरतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

याचे कारण बहुतेक वेळा टाकीतच असते. दिवाळीच्या सुमारास यंत्र गोठ्यात ठेवले, टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसेच राहिले आणि मे महिन्यापर्यंत कोणी पाहिले नाही. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. ओल वाढली की पाणी आणि इथेनॉल यांचा थर तळाशी बसतो. टू-स्ट्रोक यंत्रात वंगणाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात; ते मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते, म्हणजे तळातून इंजिनाकडे जाणाऱ्या इंधनात वंगण नसते. त्यातच आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि मागे राहिलेला चिकट साका कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतो. म्हणून विक्रीचा विचार पक्का झाला की जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे, कार्बोरेटर साफ करून घ्यावा आणि ताजे इंधन भरावे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल किती टाकायचे हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ५० ला १ असे प्रमाण असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर. जास्त ऑइल ओतल्याने इंजिन जपले जाते हा समज चुकीचा आहे, कारण त्यामुळे धूर वाढतो, प्लग काळा होतो आणि ग्राहक बिचकतो.

तरीही यंत्र नीट चालत नसेल तर लक्षणे पाहावीत. चोक लावलेला असेपर्यंतच इंजिन चालत असेल, तर कार्बोरेटरचे छिद्र अडकले आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरत आहे. ब्रश कटरच्या कार्बोरेटरमध्ये पातळ पडदा असतो, तो वाळून कडक झाला तरी हेच होते आणि तेव्हा पडद्याचा संच बदलावा लागतो. सुरू होऊन काही वेळाने बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण थोडे सैल करून पाहावे; तेवढ्याने यंत्र चालू राहिले तर दोष झाकणातील हवेच्या छिद्राचा आहे. रिकामे ठीक चालते पण रेस दिली की दबते, अशा वेळी आधी इंधनाची गाळणी, मग एअर फिल्टर आणि शेवटी सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन तपासावा. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावरच सुरू होणाऱ्या यंत्रात इग्निशन कॉइल संशयास्पद असते. ती बदलावी, किंवा ग्राहकाला स्पष्ट सांगून तेवढी रक्कम किमतीतून कमी करावी.

ग्राहक येण्याआधी इंजिन तापवून ठेवण्याची युक्ती अनेक जण करतात. जाणकार ग्राहक आल्याआल्या सायलेन्सरजवळ हात नेतो आणि तो गरम लागला की त्याचा पुढच्या कोणत्याच बोलण्यावर विश्वास बसत नाही. थंड यंत्र त्याच्या हाताने सुरू करू द्यावे. बैल घेताना दात पाहतात, तसा हा माणूस स्पार्क प्लग काढून पाहणार. प्लगच्या टोकाचा रंग भुरकट तपकिरी असेल तर इंजिन चांगले चालत आहे, काळे ओले असेल तर इंधन किंवा ऑइल जास्त जात आहे, आणि पांढरट असेल तर इंजिन तापत आहे. तो दोर सावकाश ओढून दाबही पाहील. ठरावीक टप्प्यावर दोर हाताला अडायला हवा. सहज ओढला जात असेल तर पिस्टन किंवा रिंगा झिजल्या आहेत.

इंजिन खोलण्याची वेळ आलेल्या यंत्राची विक्रीपूर्वी मोठी दुरुस्ती करू नये, तो खर्च किमतीतून परत येत नाही. प्लग, फिल्टर, इंधनाची नळी, दोर, ऑइल एवढेच बदलावे. नवा रंग तर मुळीच मारू नये. धुऊन पुसलेले, ओरखडे असलेले यंत्र ग्राहकाला पटते. ताज्या रंगाखाली तडा किंवा वेल्डिंग लपवले असावे, असे त्याला वाटते.

वीडरच्या बाबतीत पात्यांच्या दांड्यावर गुंडाळलेल्या वेली, दोऱ्या आणि पऱ्हाटीच्या साली काढून पाहाव्यात, कारण त्याच ऑइल सील कापतात आणि गिअर बॉक्समधून ऑइल झिरपू लागते. डावी-उजवी पाती उलटसुलट बसवलेली असतील तर यंत्र जमिनीत शिरण्याऐवजी उसळते. ते चालवून दाखवायचे तर वापसा आलेल्या वावरात दाखवावे. मे महिन्यातील भेगाळलेल्या काळ्या जमिनीत चांगले यंत्रही नाचते आणि ओल्या चिखलात पाती मातीने भरतात. ब्रश कटरचे पाते धरून ठेवणारे नट बहुतेक मॉडेलमध्ये उलट्या आट्याचे असते; सुलट समजून जोर लावल्याने आटे गेलेली अनेक यंत्रे बाजारात दिसतात. कधीतरी काढून फेकलेला गार्ड शोधून पुन्हा लावावा.

फवारणी पंपात काय भरले होते हे न सांगणे

ही चूक केवळ व्यवहाराची नाही. २,४-डी हे तणनाशक गव्हात आणि धानात वापरले जाते, धुऱ्यावरही मारले जाते आणि कपाशी त्याला अतिशय नाजूक असते. पंपाच्या टाकीत किंवा नळीत राहिलेल्या अंशानेही कपाशीची पाने बारीक होऊन आखडतात. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातला पंप यवतमाळ किंवा वर्ध्याच्या कपाशीत जाणार असेल, तर हे आधीच सांगायला हवे. टाकी, नळी, लान्स (फवारणीची दांडी) आणि नोझल धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भरून रात्रभर ठेवावीत आणि नंतर स्वच्छ पाण्याने तीनदा धुवावीत. हे पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नये. एवढे करूनही तणनाशकाचा पंप हा तणनाशकाचाच म्हणून विकणे मला योग्य वाटते, मग दोनशे रुपये कमी आले तरी चालेल.

गळती लपवणे तर त्याहून वाईट. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे या भागात कोणी विसरलेले नाही. पाठीवर गळणाऱ्या पंपाचे वॉशर आणि पट्टे बदलल्याशिवाय तो कोणाच्या हाती देऊ नये. बॅटरी पंप असेल तर त्याची किंमत मुख्यतः बॅटरीची असते. वर्षभर चार्ज न करता ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी सहसा परत उभी राहत नाही, म्हणून ती पूर्ण चार्ज करून किती टाक्या चालते ते मोजावे आणि तोच आकडा सांगावा.

चुकीचा महिना

वीडरची गरज जून ते ऑगस्टमध्ये असते आणि कास्तकाराच्या हातात पैसा येतो सोयाबीन, कापूस, तूर विकल्यावर, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे. दिवाळीनंतर वीडर विकायला काढला की पैसेवाला ग्राहक भेटतो, पण त्याला घाई नसल्याने तो घासाघीस करतो. मे अखेर ते जुलै हा काळ त्यातल्या त्यात बरा, कारण पहिल्या पावसानंतर तण दिसू लागते. पाणी उपसण्याच्या इंजिनाचे गणित वेगळे आहे, त्याची गरज रब्बीच्या हरभरा-गव्हाला आणि पैसा हातात असतानाच पडते. वरूड, मोर्शी, काटोलच्या संत्रा बागांत ब्रश कटरला पावसाळ्यापासून पुढे मागणी राहते. नागपूरचे ॲग्रोव्हिजन किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे डिसेंबरमधील प्रदर्शन पाहून आलेल्या ग्राहकाला नव्या यंत्राचे भाव तोंडपाठ असतात, त्याच्याशी फुगवून बोलू नये.

कागद आणि पैसे

अनुदानावर घेतलेले यंत्र असेल तर अर्जासोबत दिलेले हमीपत्र आधी वाचावे. ठरावीक मुदतीपर्यंत यंत्र विकणार नाही असे त्यात लिहून दिलेले असते आणि ती मुदत संपण्याआधी विकल्यास अनुदान वसूल होऊ शकते. शंका असल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून मगच जाहिरात द्यावी.

जाहिरातीत 'चांगल्या कंडिशनमध्ये' एवढेच लिहिलेले असते तेव्हा फोन येतात, पण ग्राहक येत नाही. कंपनी, मॉडेल, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, किती हंगाम चालले, काय बदलले आणि काय बिघडलेले आहे, एवढे लिहावे. थंड इंजिन सुरू करतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा जास्त काम करतो.

यंत्र न पाहताच किंमत मान्य करणारा आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड पाठवणारा ग्राहक हा ठगच समजावा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नये, स्वतःच्या बँक खात्यात रक्कम जमा दिसल्यावरच यंत्र गाडीत चढवावे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. गावातल्या व्यवहारात धोका वेगळा असतो: 'अर्धे आता, अर्धे कापूस निघाल्यावर.' सोयरा असो वा शेजारी, इसार घ्यावा, मुदत लिहून घ्यावी आणि पूर्ण पैसे येईपर्यंत यंत्र आपल्याच गोठ्यात ठेवावे.

शेतातून मोटारी आणि इंजिने चोरीला जाण्याचे प्रकार होत असल्याने ग्राहकाला मालकीचा पुरावा लागतो. बिल वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांची सही घ्यावी. साध्या कागदावर दोघांची नावे, तारीख, मॉडेल, इंजिन क्रमांक, रक्कम आणि ज्ञात दोष लिहून 'यंत्र चालवून, पाहून, जसे आहे तसे घेतले' असे नमूद करावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. चार दिवसांनी ग्राहक तक्रार घेऊन आलाच, तर आधी हा कागद पाहावा. त्यात न लिहिलेला, पण आपल्याला ठाऊक असलेला दोष निघाला तर दुरुस्तीचा खर्च द्यावा. टू-स्ट्रोकमध्ये नुसते पेट्रोल घालून इंजिन जॅम केले असेल, तर तो खर्च ग्राहकाचा.