शरदात ओढ्याकाठी पक्षी पाहताना

पुण्याच्या नैऋत्येस, सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीतून जाणारा ओढा ऑक्टोबरात पक्षी पाहण्यासाठी उत्तम असतो. मात्र तेथे हिंडण्यापेक्षा एका जागी बसणे अधिक फलदायी ठरते. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने उतारावर जागोजागी पाणी झिरपत असते आणि पक्षी विखुरलेले राहतात. पुढे धार बारीक होऊन ओढ्याची डबकी उरू लागली, की तेच पक्षी पाणी पिण्यास व अंघोळीस ठरावीक डोहांवर येतात.

बसण्याची जागा खळाळत्या धारेपासून थोडी दूर निवडावी, कारण दाट पानोळ्यातला पक्षी आधी कानांना सापडतो आणि हिरवट वटवट्याची बारीक साद पाण्याच्या आवाजात सहज बुडून जाते. पाठीशी झुडूप असावे, समोर उथळ पाणी आणि त्यावर झुकलेली एखादी वाळकी फांदी असावी. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरेशी होते.

सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होत असला, तरी दरीत ऊन उशिरा उतरते. म्हणून आठ वाजता कंटाळून उठू नये. शेंड्यांवर ऊन आले, की कीटक उडू लागतात आणि त्यांच्यामागे माशीमार, नाचण, वटवटे असा मिश्र थवा झाडीतून सरकत जातो.

या दिवसांत लाल छातीचा माशीमार नवख्यांना हमखास चकवतो, कारण नुकत्याच स्थलांतर करून आलेल्यांपैकी बहुतेकांच्या गळ्यावर लाल रंग नसतोच. अशा वेळी शेपटी पाहावी: ती काळसर असून बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असतात, आणि पक्षी ती वारंवार झटक्याने वर उचलतो. करड्या धोब्याची ओळख त्यामानाने सोपी आहे. दगडावर उतरल्यावरही त्याची लांब शेपटी खालीवर हलत राहते आणि तिच्या बुडाखालचा पिवळा रंग लांबूनही दिसतो.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. एकदा माझ्या शेजारच्या छायाचित्रकाराने तसे केले आणि समोरचा टिकेलचा निळा माशीमार अंघोळ अर्धवट टाकून फांद्यांमध्ये भिरभिरत राहिला. फोटो मिळाला, पण त्यानंतर तासभर डोह ओसच होता.

नोंदवहीत पक्ष्यांच्या नावांबरोबर डोहाचे पाणी कोणत्या दगडापर्यंत आहे, हेही लिहावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच जागी येऊन बसावे.